येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



'ह्याला गणित येत नाही' हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. प्रगतिपुस्तकावर सही करताना वडील बोलतात, वर्गात गुरुजी बोलतात, सुट्टीत आलेले पाहुणे बोलतात. आणि चार-सहा वेळा कानावर पडलं की मूलही स्वतःबद्दल तेच बोलू लागतं. ज्या मुलाला दिसायला, ऐकायला, हात हलवायला किंवा शिकायला काही अडचण आहे, त्याच्या बाबतीत तर या वाक्याची शहानिशा करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. 'त्याला काय येणार गणित!' असं म्हटलं की विषय संपतो. माझं काम मात्र त्या वाक्यापाशी सुरू होतं. येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही, हे शोधून काढणं यालाच मी मूल्यमापन म्हणते.

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळी आणि आसपासच्या गावांमधल्या शाळांत मी विशेष शिक्षिका म्हणून फिरते. एका वर्गात बसून शिकवायचं असं हे काम नाही. आज एका गावी अंध मुलगी, उद्या दुसऱ्या गावी ऐकू न येणारा मुलगा, परवा वाडीवरच्या शाळेत सगळं बोलतो पण आकडा दिसला की गप्प होतो असा एखादा. बहुतेक घरं शेतकऱ्यांची. सोयाबीन, तूर, ज्वारी, ऊस यांवर वर्ष चालतं. या घरांत हिशेब सतत चालू असतो: बियाण्याच्या पिशव्या, फवारणीचे पंप, मजुरीचे दिवस, काट्यावरचं वजन. म्हणून गणित येणं वा न येणं हा इथं निव्वळ गुणांचा प्रश्न राहत नाही. मोठेपणी आपल्याला कोणी फसवतंय का, हे त्या मुलाला कळणार की नाही, इतका तो साधा आणि इतका गंभीर प्रश्न आहे.

गणिताच्या पेपरात मुलाला शंभरापैकी बारा गुण पडले, तर ते बारा गुण कशाचे असतात? प्रश्न वाचता येणं, त्यातली भाषा कळणं, आकृती दिसणं, हातानं आकडे एकाखाली एक मांडता येणं, वेळेत उरकणं आणि मग शेवटी गणित येणं, या सगळ्यांची ती गोळाबेरीज असते. आपल्या डोळ्यांसमोर मात्र फक्त शेवटची गोष्ट येते. चाळणीतून काय गळालं हे न पाहताच धान्य कमी भरलं म्हणावं, तसं हे होतं.

कागदावरचं गणित आणि डोक्यातलं गणित यांत केवढं अंतर पडू शकतं, याचा एक प्रसिद्ध अभ्यास ब्राझील देशात झाला आहे. तेरेझिन्या नुनेस कॅराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८५ साली प्रसिद्ध केला. रेसिफे शहरातल्या बाजारात नारळ आणि फळं विकणारी, नऊ ते पंधरा वर्षांची पाच मुलं त्यांनी निवडली. आधी गिऱ्हाईक होऊन त्यांना हिशेब विचारले, तेव्हा शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर आली. मग तसेच हिशेब कागदावर निव्वळ आकडेमोड म्हणून दिले, तर जेमतेम सदतीस टक्के बरोबर आले. पस्तीसचा एक नारळ, तर दहा नारळांचे किती? एका मुलानं तीन नारळांचे एकशे पाच धरले, त्यात आणखी तिनांचे, आणखी तिनांचे मिळवले, शेवटी एका नारळाचे पस्तीस घातले आणि साडेतीनशे सांगितले. दहानं गुणताना पुढं शून्य द्यायचं, ही शाळेतली रीत त्यानं वापरली नाही. पण गुणाकार त्याला कळला होता. ही मुलं दिव्यांग नव्हती. तरीही त्यांच्या अनुभवातून आम्ही शिकायचं ते हे, की विचारण्याची रीत बदलली तर उत्तर बदलतं.

पण श्रोतेहो, इथं एक सावधगिरीही हवी. 'शाळेत येत नसलं तरी व्यवहारात त्याला सगळं कळतं' असं म्हणून पुष्कळदा आपण आपलीच समजूत घालतो. बौद्धिक दिव्यांगत्व असलेला चौथीतला एक मुलगा मला आठवतो. त्याचे आजोबा ठामपणे सांगायचे, "मॅडम, ह्याला मोजता येतंय बघा. सांजच्याला एक जरी शेळी कमी आली, तर आमच्या आधी ह्यो सांगतोय." ते खरं होतं. बारा शेळ्यांतली एक आम्ही आडोशाला बांधली, तर त्यानं क्षणात ओळखलं. मग मी त्याच्यासमोर बारा खडे ठेवले, त्याला पाठ फिरवायला सांगून एक उचलला. त्याला काही सांगता येईना. कारण शेळ्या तो मोजत नव्हता, ओळखत होता. पांढऱ्या कानाची, मोडक्या शिंगाची, लंगडणारी. खड्यांना चेहरे नसतात. आता, त्याला मोजता येतं असं मी लिहून ठेवलं असतं तर आजोबा खूश झाले असते, आणि मोजणी शिकवायची राहूनच गेली असती. आम्ही उलट केलं. गोठ्याच्या दारात डबा ठेवला. एक शेळी आत गेली की एक खडा डब्यात. एकास एक जोडी लावणं ही मोजणीची पहिली पायरी. ती त्याच्याकडे नव्हती, पण तिथं पोहोचायला लागणारी नजर आणि आवड त्याच्यापाशी होती. चांगलं मूल्यमापन या दोन्ही गोष्टी सांगतं.

आता ऐकू न येणाऱ्या मुलांकडे वळू. आपला समज असा की गणिताला कानांची काय गरज? आकडे तर सगळ्यांना सारखेच दिसतात. पण शाब्दिक उदाहरण बघा. 'रमेशजवळ १५ पेरू आहेत. ते सुरेशच्या पेरूंपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर सुरेशजवळ किती पेरू?' 'जास्त' हा शब्द दिसला की मूल बेरीज करतं आणि एकवीस लिहितं. ही चूक ऐकू येणारी मुलंही करतात. पण लहानपणापासून ज्याच्या कानावर भाषा पडलेली नाही, त्याच्यासाठी 'पेक्षा', 'पैकी', 'ने', 'उरले' हे चिमुकले शब्द म्हणजे नुसत्या आकृत्या असतात, आणि उदाहरणाचा सगळा अर्थ तर त्यांच्यातच असतो. मी काय करते, तेच उदाहरण तिथल्या तिथं करून दाखवते. दोन टोपल्या, चिंचोके आणि खुणांची भाषा. एवढ्यावर मुलीनं नऊ चिंचोके मोजून सुरेशच्या टोपलीत टाकले, तर तिच्या नोंदीत दोन ओळी पडतात: तुलनेतली वजाबाकी कळते, 'पेक्षा' हा शब्द अजून शिकवायचा आहे. पेपरात याच मुलीला शून्य मिळालं असतं, आणि त्या शून्यावरून कोणीतरी तिला पुन्हा पहिलीची वजाबाकी शिकवायला बसलं असतं.

अंध मुलांच्या बाबतीत तर आपण कायद्यानंच एक दार लोटून घेतलं होतं. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यातल्या तिसाव्या कलमात, अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी परीक्षेतून निव्वळ गणिती प्रश्न वगळण्याबद्दलची तरतूद होती. हेतू चांगला होता. मुलं नापास होऊन शाळा सोडू नयेत. पण त्यातून निघणारा अर्थ असा, की डोळे नाहीत तर गणित नाही. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला आणि तो एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. त्यात जादा वेळ, लेखनिक, अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य ते बदल या गोष्टी आहेत. गणिती प्रश्न वगळण्याची ती जुनी तरतूद नाही. उलट सोळाव्या कलमानं शाळांवर जबाबदारी टाकली आहे, की प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याची प्रगती कोणत्या पातळीवर आहे यावर लक्ष ठेवावं. म्हणजे आता अंध मुलीला गणित विचारायचं की नाही हा प्रश्न उरलेला नाही. कसं विचारायचं, हा आहे.

ब्रेलमध्ये आकड्यांसाठी वेगळी अक्षरं नाहीत. पहिल्या दहा अक्षरांआधी अंकाची खूण दिली, की तेच एक ते नऊ आणि शून्य होतात. आकडेमोडीसाठी टेलर फ्रेम असते: ताऱ्यासारखी भोकं असलेली पाटी, आणि त्यात वेगवेगळ्या दिशांनी बसवायचे खिळे. खिळा कोणत्या दिशेला वळवला यावरून अंक ठरतो. हे बोटांना सवयीचं झालं की चार अंकी भागाकारही होतो, फक्त वेळ लागतो. तो वेळ देणं म्हणजे मेहेरबानी नव्हे. डोळस मूल कागदावर जे एका नजरेत बघतं, ते हिला भोक-भोक चाचपून बघावं लागतं.

भूमितीत खरी मेख आहे. 'आकृतीचं निरीक्षण करा आणि त्रिकोणाचा प्रकार ओळखा' असा प्रश्न असतो. वाचून दाखवणारा दयाळूपणे सांगतो, "अगं, एक त्रिकोण आहे, त्याचा एक कोन काटकोन आहे." झालं! उत्तर त्यानंच देऊन टाकलं. म्हणून आकृती बोटांना कळेल अशी करावी लागते. शिंपी कापडावर खुणा करायला दात्यांचं चाक वापरतात. रबराच्या तुकड्यावर कागद ठेवून ते चाक फिरवलं की मागच्या बाजूला उठावदार रेघ येते. आकृती उलटी काढायची एवढं ध्यानात ठेवायचं. पाच मिनिटांचं काम. मग त्या मुलीनं कोपऱ्याला कागदाची घडी लावून बघितली आणि 'काटकोन' म्हणाली, तर ते तिचं उत्तर.

लेखनिकाचंही तसंच. मूल तोंडानं सांगतं, 'अ अधिक ब, छेद दोन.' आता लेखनिकानं काय लिहायचं? अ आणि ब यांची बेरीज करून तिला दोननं भागायचं, की नुसत्या ब ला? दोन्हींची उत्तरं वेगळी. गणित सांगून लिहवून घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. 'कंस सुरू, कंस पूर्ण' असं बोलण्याची सवय मुलाला आणि तसंच ऐकून लिहिण्याची सवय लेखनिकाला वर्षभर लागायला हवी. परीक्षेच्या आदल्या दिवशी शेजारचा कोणीतरी पोरगा धरून आणला, तर गुण कोणाचे मोजले गेले हे सांगता येणार नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा अडसर हातात असतो. आकडे सरकतात, दशकाखाली एकक येतो आणि बेरीज चुकते. मोठ्या चौकटींचा कागद द्या, किंवा अंकांची कार्डं समोर पसरून नुसतं बोट दाखवायला सांगा. बोटही स्थिर राहत नसेल तर नजरेनं दाखवू द्या. हात थरथरतो म्हणून हातचा विसरला असं होत नाही.

यानंतर येतात ती मुलं, ज्यांचं काहीच 'दिसत' नाही. डोळे, कान, हात ठीक. बोलायला हुशार. पण पाचवीत गेली तरी सात आणि पाच किती हे बोटांवर मोजतात, अडुसष्ट मोठे की शहाऐंशी हे पटकन सांगता येत नाही, काल पाठ झालेला पाढा आज पुसलेला असतो. या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. लाडिस्लाव कोश्च या संशोधकानं १९७४ साली तिची नीट व्याख्या केली. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज शंभरातल्या साधारण तीन ते सहा मुलांचा आहे. २०१६ च्या कायद्यानं शिकण्यातल्या विशिष्ट अक्षमतेला एकवीस दिव्यांगत्वांत जागा दिली, आणि त्यात डिस्कॅल्क्युलियाचा नावानिशी उल्लेख आहे.

मात्र आपल्या मराठी मुलांची तपासणी करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. ती म्हणजे आपले संख्याशब्द. 'त्रेसष्ट' म्हणताना आपण आधी तीन उच्चारतो आणि मग साठ. लिहिताना मात्र आधी सहा. 'एकोणपन्नास' मध्ये तर ऐकू येतो पन्नास आणि लिहायचे चार आणि नऊ. कितीतरी मुलं ५९ लिहून मोकळी होतात. आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे कर्नाटकात कन्नड बोलणाऱ्या मुलाला हा त्रास एवढा नाही. त्याच्या एकवीसमध्ये आधी वीस येतात, मग एक. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे आपल्याला आठवत असेल. विधिमंडळापर्यंत तो विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या, की उलट क्रमाचे आणि जोडाक्षरांचे हे शब्द लहान मुलांना जड जातात. मंगलाताई २०२३ साली गेल्या. जुनी पद्धत बरी की नवी, या वादात मला आज जायचं नाही. तपासणीच्या कामात मात्र ती दुसरी पद्धत मला रोज उपयोगी पडते. मुलानं 'एकोणपन्नास' ऐकून ५९ लिहिले, की मी त्याला म्हणते, 'चार दशक, नऊ सुटे' लिही. त्यानं ४९ लिहिले, काड्यांचे चार गठ्ठे आणि नऊ काड्या मांडल्या, तर संख्या त्याला कळली आहे. शब्द अडला आहे. तिथंही तो अडला, तर गोष्ट अधिक खोल आहे. एकाच चुकीचे हे दोन अर्थ, आणि दोघांवरचे उपायही वेगळे.

आणखी एक पथ्य. आमच्या भागातली काही कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर मूल गेलं, तर हातच्याची वजाबाकी वर्गात शिकवली तेव्हा ते फडावर असतं. त्याच्या वहीतल्या चुका डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलासारख्याच दिसतात. ५२ वजा २७ बरोबर ३५, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घालवले. अशा मुलावर घाईनं शिक्का मारणं हा अन्याय आहे. आधी डोळे तपासून घ्यावेत, कान तपासून घ्यावेत. मग सहा-आठ आठवडे चार-पाच मुलांच्या गटात, गठ्ठे-सुटे हातात देऊन, रोज थोडा वेळ शिकवावं. शाळा बुडालेली असेल तर मूल भराभर भरून काढतं. एवढं करूनही गाडी तिथंच राहिली, तर पुढच्या तपासणीला पाठवावं. केंद्र सरकारनं २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तिसरीच्या किंवा आठ वर्षांच्या सुमाराला शाळेनंच पहिली चाचपणी करण्याचं म्हटलं होतं. ती चाचपणी म्हणजे शिक्षकाची नजर. तिच्यासाठी शहर गाठावं लागत नाही.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांचं मूल्यमापन करताना दोन टोकं टाळावी लागतात. एका टोकाला, एक ते शंभर घडाघडा म्हणतो म्हणून टाळ्या. त्याला 'पाच वाट्या आण' म्हटलं तर तो ओंजळभर आणतो. ते पाठांतर आहे, त्यात संख्या नाही. दुसऱ्या टोकाला, 'काय करायचंय गणित, खाऊन-पिऊन सुखी आहे.' या दोहोंच्या मधे त्याच्या आयुष्याला लागणारं गणित आहे: नाणी-नोटा ओळखणं, घड्याळ, वार-तारीख, गोळ्या किती घ्यायच्या, बसचं तिकीट. एका मुलीसमोर मी एका बाजूला रुपयाची चार नाणी आणि दुसऱ्या बाजूला पाचचं एक नाणं ठेवलं. तिनं चार नाणी उचलली. जास्त दिसतात ना! ही तिची त्या दिवशीची पायरी. आता तर नोटाही कमी झाल्या, खेड्यातल्या टपरीवरही मोबाइलनं पैसे जातात. पन्नास आणि पाचशे यांतलं एक शून्य ज्याला वाचता येत नाही, त्याचा खिसा कोणीही रिकामा करू शकेल. म्हणून मी तिच्या नोंदीत 'स्थानिक किंमत' असा पाठाचा मथळा लिहीत नाही. '५० आणि ५०० यांत मोठी रक्कम कोणती हे मोबाइलवर पाहून सांगते' असं लिहिते.

ही नोंद कशी ठेवायची, हे शिक्षकांसाठी थोडं सांगते. प्रत्येक मुलाचं एक कार्ड. त्यावर एका वेळी एकच लहान कौशल्य. पुढं चार खाने: स्वतः करतो, आठवण दिल्यावर करतो, करून दाखवल्यावर करतो, हात धरल्यावर करतो. दर पंधरवड्याला तारीख घालून एक खूण. महिन्याभरापूर्वी हात धरून दहाचे गठ्ठे बांधणारं मूल आज नुसत्या 'पुढं?' म्हणण्यावर बांधतं, तर ही प्रगती आहे. आणि कोणत्याही घटक चाचणीत ती दिसत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय आपल्या राज्यात २०१० साली निघाला. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, कृती या सगळ्यांना त्यातल्या आकारिक मूल्यमापनात जागा दिली गेली. सर्वांत जास्त उपयोग ज्यांना झाला असता, ती ही मुलं. पण कित्येकदा असं होतं, की नोंदवहीत 'प्रगती समाधानकारक' हे एकच वाक्य चाळीस नावांपुढं लिहिलेलं असतं. एका शाळेत तर मी माझ्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका पाहिली. अक्षर सुवाच्य, सगळी उत्तरं बरोबर. त्या मुलाला पेन्सिल धरता येत नव्हती. ज्यांनी लिहून दिलं त्यांनी मायेपोटीच दिलं असणार. पण त्या मायेनं त्याचं एक वर्ष कागदावरून पुसलं गेलं. पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला तो कुठं आहे हे समजायला काही मार्गच उरला नाही.

आता सवलतींविषयी. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या. पंचवीस टक्के जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित व सोबत कार्यानुभवाचा विषय, असं त्यांचं स्वरूप होतं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. सुनील करंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे. या सवलतींमुळं कित्येक मुलं शिक्षणात टिकली. पण सवलती दोन प्रकारच्या असतात हे पालकांनी समजून घ्यावं. जादा वेळ, लेखनिक, उठावदार आकृत्या, मोठा टाइप यांनी रस्ता बदलतो, मुक्काम तोच राहतो. सोपं गणित निवडलं की मुक्कामच बदलतो. ज्या अभ्यासक्रमांना दहावीचं गणित लागतं, ते पुढं दूर जातात. काही मुलांसाठी तो निर्णय योग्यच असतो. पण तो शेवटी घ्यायचा असतो, सगळे रस्ते तपासून झाल्यावर. सहावीतल्या अंध मुलीचे वडील मला म्हणाले, "मॅडम, सोपं गणित मिळतंय म्हणं, तेवढं बघा की." मी त्यांना एवढंच म्हटलं, की भाऊ, अवघड गणित तिला नीट विचारलंच नाही कोणी अजून. आधी ते विचारून बघू.

हे सगळं ऐकून वर्गशिक्षक म्हणतील, 'मॅडम, माझ्याकडे दोन वर्ग, त्यात शाळेबाहेरची शंभर कामं. एकेका मुलाजवळ बसायचं कधी?' त्यांची अडचण खोटी नाही. विशेष शिक्षकही पुरेसे नाहीत; एका गावाला माझी पुन्हा फेरी व्हायला कधी कधी आठवडे जातात. तरीही दिवसाला एका मुलाला दहा मिनिटं, तीही मधल्या सुट्टीच्या आधीची, एवढं बहुतेक ठिकाणी जमतं असा माझा अनुभव आहे. आणि त्या दहा मिनिटांत एकच प्रश्न विचारायचा: 'हे तू कसं केलंस, मला दाखव.' उत्तर चुकलं असलं तरी हा प्रश्न विचारावा. बरोबर असलं तर जरूर विचारावा.

पालकांना माझी विनंती आहे. पालकसभेत 'किती मार्क पडले?' हे विचारायचं असेल तर जरूर विचारा. पण त्याच्या पुढं आणखी दोन प्रश्न विचारा. 'गेल्या महिन्यात येत नव्हतं असं आता काय येतं?' आणि 'पुढची पायरी कोणती?' या दोन प्रश्नांची उत्तरं शाळेकडे असली, तर तुमच्या मुलाचं मूल्यमापन होतंय असं समजा. नसली, तर भांडू नका, पण विचारत राहा. तो तुमचा हक्क आहे, आणि तुमच्या विचारण्यानं शाळेलाही बळ येतं.

शेवटी एक विनंती बेंबळीच्या आणि सगळ्याच गावच्या दुकानदारांना. तुमच्या काउंटरपाशी एखादं मूल येईल. त्याला नीट दिसत नसेल, बोलता येत नसेल, किंवा नाणी मोजायला वेळ लागत असेल. मागं गिऱ्हाइकं उभी असतील. अशा वेळी त्याच्या मुठीतले पैसे स्वतः घेऊन मोजू नका. त्याला मोजू द्या. चुकलं तर 'अजून दोन रुपये' एवढंच सांगा आणि थांबा. ती दोन मिनिटं त्याच्या परीक्षेची असतात, आणि परीक्षक तुम्ही असता.